मोटारीचा विटाळ

"त्या दिवशी तुला अडचण होती का?"

जिनिंगच्या अंगणात, भर दुपारी, गोविंदराव फोरमननं मला हे विचारलं. कापसाच्या ढिगाशी बाया कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत होत्या. हमाल होते. तीर्थपुरीकडून कापूस घेऊन आलेले ट्रॅक्टरवाले चहा पीत उभे होते. शेठ होते. शेठची आई, जिला सगळी जिनिंग माईसाहेब म्हणते, ऑफिसच्या पायरीवर खुर्ची टाकून बसली होती. मागं पंखाघरात पंख्याची नवी विजेची मोटार हादरत होती आणि तिची थरथर फरशीतून माझ्या चपलेपर्यंत येत होती.

"कसली अडचण?" मी म्हटलं.

कसली ते मला कळलं होतं. बाईला हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही.

"अगं, बाहेरची. कावळा शिवल्ता का?" मग आवाज उतरवून, जणू माझीच बाजू घेतोय असा, तो म्हणाला, "न्हाई, तुमच्यात पाळत न्हाईत ना. म्हणून विचारून राह्यलो."

तुमच्यात.

एका ट्रॅक्टरवाल्यानं ओठाजवळ नेलेला कप तसाच धरून ठेवला. त्याला उत्तर ऐकायचं होतं. सगळ्यांनाच ऐकायचं होतं.

मी खोटं बोलू शकले असते. 'नव्हती' म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? 'तुम्हाला काय करायचंय' असंही म्हणता आलं असतं. जीभ माझी काही कमी तिखट नाही, घरी विचारा. पण तेव्हा यातलं काही सुचलं नाही. मी खाली बघितलं आणि म्हणाले, "होती."

चोरानं कबुली द्यावी तसं म्हणाले. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि माझी मलाच शिसारी येते.

"तरी म्हटलं," माईसाहेब म्हणाल्या. चिडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस जसं निवांत होतं तशा निवांत झाल्या.

त्याच दुपारी मोटारीवर गोमूत्र शिंपडलं. मला पंखाघराच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. ज्या मोटारीची जबाबदारी माझी, तिच्याकडं मी बघ्यासारखी बाहेरून बघत होते. गोविंदराव म्हणाला, "आता हंगाम सरेस्तोवर आत पाय टाकू नको, माय. तुझं काम मी पाहतो."

माय म्हणाला. आमच्याकडं लाथ घालतानाही माय म्हणतात.

*

मी मस्तगडची. माझ्या बापाचं तिथं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार आली की आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. लहानपणी शाळेतून आले की मी दुकानात बसायची. पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, हे मी तिथंच शिकले. पुढं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. मग या जिनिंगात मेंटेनन्सला लागले. मशीनच्या कामात बाई मी एकटीच. बाकीच्या सगळ्या बाया कापसात.

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हारा रिकामा केला आणि टाक टोपलीत घालून कुंडलिका नदीत सोडून आले. भिंतीवर बुद्ध आहे आणि निळ्या कोटातला आमचा बाप आहे. पाळी म्हणजे आमच्या घरी पाळी. पहिल्यांदा आली तेव्हा आई म्हणाली, "पोट दुखत आसंल तर गरम पाणी पी, अन् शाळा बुडवू नको." एवढाच काय तो संस्कार झाला.

मग सांगा, त्या दिवशी माझी मान खाली कशी गेली?

मी यावर फार डोकं चालवलं. मला एवढंच आठवलं की शाळेत कुणाची पेन्सिल हरवली, कुणाचा डबा सांडला, की बाईंची नजर आधी आमच्या बाकाकडं यायची. पेन्सिल नंतर मालकाच्याच दप्तरात सापडायची. पण तोवर आमचे चेहरे पडलेले असायचे. पडलेला चेहरा बघून बाईंना वाटायचं, हिनंच घेतली. असं वर्षानुवर्षं झालं की चेहऱ्याला सवय लागते. कुठं काही बिघडलं की तो आपला आपण पडतो, विचारायचीही वाट बघत नाही.

आणि इथं तर माझ्याविरुद्ध पुरावा होता. माझा हात लागेपर्यंत ती मोटार गुमान चालली होती.

*

झालं होतं असं. जुनी मोटार मागच्या हंगामात जळाली, म्हणून पंख्यासाठी नवी आणली. हा पंखा पाइपातून कापूस ओढून मशीनवर नेतो. तो थांबला की सगळी जिनिंग थांबते. हंगामाच्या मुहूर्ताच्या सकाळी छताला टांगलेल्या चेन कुप्पीनं मोटार उचलून तिच्या लोखंडी बैठकीवर बसवायची होती. ते काम माझं. पण भटजी आले आणि गोविंदराव मला म्हणाला, "तू जरा भायेर थांब. पूजा उरकू दे."

मी बाहेर थांबले. मला वाटलं, नव्या मशीनची पूजा आहे, घरचीच माणसं हवी असतील. माझ्या वाटण्याला मी नेहमी असं काहीतरी सोयीचं कारण पुरवते. बाहेरून मला चेन कुप्पीचा कडकडाट ऐकू आला, मग मंत्र, मग नारळ फुटल्याचा आवाज. मोटार माझ्याशिवाय बसली. बोल्ट हातानं आवळून मुहूर्ताचं बटण दाबलं. मोटार सुरेख चालली. पेढे वाटले. मलाही मिळाला, वरून टाकलेला.

मग मला आत बोलावलं. "आता बोल्ट बराबर टाइट कर अन् पंख्याचे पट्टे चढव," गोविंदराव म्हणाला. मोटारीच्या पायांवर लाल कापड, झेंडूची फुलं, हळदीकुंकवाचा चिखल. कोणतीही मोटार आवळण्याआधी तिचे चारही पाय बैठकीला सपाट टेकलेत का, हे बघायचं असतं. पातळ पत्र्याची पट्टी पायाखाली सरकवून बघतात. गेली तर पाय अधांतरी आहे. मी फुलं बाजूला करायला हात घातला.

"ए, ते हलवू नको," गोविंदराव ओरडला. "पाच दिवस पूजा मोडायची न्हाई. वरूनच आवळ."

मी वरूनच आवळले. तीन बोल्ट सरळ बसले. मागचा डावा बोल्ट मात्र जास्त फिरला. पान्याखाली मला ते जाणवलं. काहीतरी दाबलं जातंय, ओढलं जातंय असं. मी गोविंदरावकडं बघितलं. त्याचं लक्ष पेढ्यांच्या खोक्यात होतं. मी म्हटलं, जाऊ दे.

पोटात कळ येत होती. सकाळीच पाळी आली होती. मी पट्टे चढवले, घाम पुसला, मोटार चालू केली.

मोटार थरथरली. आधी बारीक. मग घूं, घूं, घूं, अशी लाट येऊन जावी तशी. बैठकीवर मोटारीच्या पायाशी ठेवलेला पूजेचा तांब्या सरकत सरकत कडेला गेला आणि पडला. माईसाहेब उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी तांब्याकडं बघितलं, मग मोटारीकडं, मग माझ्याकडं.

त्यानंतर रोज थरथर वाढत गेली आणि मग अंगणात तो प्रश्न आला.

*

आता खरं सांगते. मला शास्त्र येतं. लोखंडाला विटाळ कळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी त्या रात्री झोपताना माझ्या मनात आलं, की न जाणो. न जाणो! डिप्लोमा केलेल्या पोरीच्या मनात. ज्या घरातून देव नदीत सोडले त्या घरात, बुद्धाच्या फोटोखाली पडून. मला त्या फोटोकडं बघवेना. मी कूस बदलली. मोटारीपुढं मला अपराधी वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून आजोबांपुढं अपराधी वाटत होतं.

पण त्याहून मोठा अपराध दुसऱ्या सकाळी गेटवर माझी वाट बघत होता.

गेटवर मुकादम उभा होता आणि प्रत्येक बाईला थांबवून विचारत होता. हळू आवाजात नाही. हजेरी घ्यावी तसा. "हाय का? न्हाई? जा. हाय का?" ज्या 'हाय' म्हणतील त्यांनी मशीनच्या शेडमध्ये यायचं नाही. अंगणाच्या टोकाला, बाभळीखाली, वेगळं बसून कवडी वेचायची. त्यांचं पाणी वेगळं. तिथं बसलेली बाई का बसली आहे, हे गाड्या खाली करणाऱ्या प्रत्येक बाप्याला कळायचं. हमालांनी त्या जागेला एक नावही ठेवलं. ते मी लिहिणार नाही.

हे माझ्या एका शब्दानं झालं. मी 'होती' म्हणाले आणि सगळ्या बायांचं अंग चव्हाट्यावर आलं.

रुबीनाआपा शेडमध्ये पंख्याच्या पाइपाशी कापूस लोटायचं काम करते. वयानं माझ्या आईएवढी. ती माझ्याशी भांडली नाही. जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोर बसली, भाकरी मोडली आणि म्हणाली, "मेरी तो कब की बंद हो गई. फिर भी मेरेकू पूछा उसने. मेरे जमाई की गाडी खडी थी गेट पे."

मी म्हटलं, "आपा, माझं चुकलं."

"मोटर का चुकलं के तेरा?"

तिनं भाकरी संपवली आणि उठून गेली. त्या दिवसापासून बाया माझ्याजवळ डबा खायच्या बंद झाल्या. गोविंदरावही बदलला. आधी पाना, पक्कड हातात द्यायचा. आता बाकीच्या मशीनच्या कामाला मी काही मागितलं की फरशीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागं सरकायचा. मी वाकून उचलायचे. रोज वाकायचे. एकदाही 'हातात द्या' म्हणाले नाही. मला वाटायचं, भोगावं आपण. आपल्यामुळंच तर झालं.

मोटार मात्र गोमूत्रानं ऐकली नाही. गोविंदराव म्हणायचा, "उतरायला टाइम लागतो." कुणी मांत्रिक ताप उतरायचं सांगतो तसं. मोटारीच्या बाजूला पंख्याची जाळी आहे. हादऱ्यांनी तिचे बोल्ट सैल व्हायला लागले. एका सकाळी एक बोल्ट सुटला, शेडमध्ये उडाला आणि रुबीनाआपाच्या पायाशी पडला. जरा वरून आला असता तर तोंडावर.

आपा तो घेऊन अंगण ओलांडून माझ्याकडं आली. माझा तळहात उघडला आणि त्यावर बोल्ट ठेवला. "ये तेरा है ना?"

बोल्ट गरम होता. मला एकदम लाज वाटली. मी इतके दिवस काय करत होते? मोटार आजारी, आणि मी स्वतःलाच शिक्षा देत बसले होते. माझ्या रडगाण्यापायी एका बाईचा डोळा गेला असता.

मी सरळ गोविंदरावकडं गेले. "मोटार तपासायची आहे. जेवायच्या सुट्टीत. बंद ठेवून भागणार नाही, चालवून बघायची."

"तू आत येऊ नको."

"नाही येत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. तुम्ही हात चालवा."

तो तयार झाला. त्यालाही बोल्टाची भीती वाटली होती. शेठनं विचारलं असतं तर उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

*

मी उंबऱ्याबाहेर, तो आत. आधी त्याला पट्टे काढायला लावले. पट्टे काढले की पंखा वेगळा, मोटार वेगळी. आता एकटी मोटार चालवायची. पंख्यात दोष असला तर मोटार शांत होईल. बटण दाबलं. मोटार तशीच घुमली. घूं, घूं.

"पंखा निर्दोष आहे," मी म्हटलं.

"मंग मोटारच खराब दिली आसंल कंपनीनं."

"थांबा. पायाचा एक बोल्ट अर्धा फेरा ढिला करा. एकच. मोटार चालू ठेवून. जपून."

हे साधं काम आहे. चार पायांपैकी एखादा नीट टेकलेला नसला आणि तो आपण बोल्टानं ओढून बसवला, तर मोटारीचं अख्खं अंग पिळवटतं. मग ती फिरताना हादरते. तो बोल्ट ढिला केला की पीळ सुटतो. खाटेच्या एका पायाखाली खडा असला आणि वर चौघं बसले की खाट करकरते, तसंच.

पुढचा उजवा ढिला केला. काही नाही. परत आवळला. पुढचा डावा. काही नाही. मागचा उजवा. तशीच.

"आता मागचा डावा," मी म्हटलं. पान्याखाली जाणवलेली ती ओढ मला आठवत होती.

गोविंदरावनं पाना लावला, पण फिरवला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, उष्म्यानं.

"फिरवा ना."

त्यानं फिरवला. मोटार गप्प झाली. म्हणजे चालत होती, पण घुमणं गेलं. तेलात बुडवल्यासारखी मऊ चालायला लागली. इतक्या दिवसांनी फरशी माझ्या पायाखाली स्थिर झाली आणि मला रडू आलं.

"बंद करा. तो पाय उचलून बघा खाली काय आहे."

त्यानं पहार घातली, पाय केसभर उचलला, पेचकसानं खालून काहीतरी ओढलं. कुंकवानं माखलेलं चांदीचं पातळ नाणं. ते फरशीवर पडलं, घरंगळलं आणि उंबऱ्याला अडलं.

मी उचललं.

पहिला विचार काय आला माहीत आहे? पुरावा सापडला, असा नाही. माझा दोष नव्हता, असाही नाही. पहिला विचार आला, माझ्या हातात यांची चांदी आहे, कुणी बघितलं तर म्हणतील हिनं चोरली. मी मागं वळून बघितलं. खरंच वळून बघितलं. खरं काय ते मुठीत होतं आणि तरी माझा चेहरा पडला होता.

तिथं माझं माथं फिरलं. गोविंदरावावर नाही. स्वतःवर.

तो फरशीवर बसला होता. म्हणाला, "मीच सरकवल्तं. माईसाहेबांनी दिलं, भटजी म्हणले, घराच्या चौकटीखाली नाणं ठेवतेत तसं नव्या मशीनच्या पायाखाली ठेवा. मला काय ठावं असं व्हईल."

"आणि बोल्ट फिरवताना थांबलात का?"

त्याला तेव्हा कळलं होतं. कदाचित आधीही कळलं असेल, मी ते विचारलं नाही. मग तो उठून उंबऱ्याजवळ आला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, "दे ते इकडं. मी सांगतो बेअरिंग खराब निघालं, बदललं. तुझ्यावरचा डाग बी जाईल. माईसाहेबांचं नाव कामून घ्यायचं? म्हातारी हाय. माझं पोट हाय, तुझं पोट हाय."

मला मोह झाला. लपवत नाही. बेअरिंग. एक शब्द, आणि मी सुटले असते. मोटार शांत, मी निर्दोष, गोविंदराव माझ्या उपकारात. मी नाणं पुढं केलंसुद्धा.

तेवढ्यात त्याची नजर बाभळीकडं गेली. तिथं आजच्या 'बाहेरच्या' बाया बसल्या होत्या. तो म्हणाला, "अन् बघ, पाळणूक बी कामाला आलीच की. बाया दूर ठेवल्या, मोटार शांत झाली. माईसाहेब खूश होतील."

मी हात मागं घेतला.

आता मोटार शांत चालली की तीच साक्ष होणार होती. बाया बाहेर बसवल्या म्हणून चालली. पुढच्या हंगामात, त्याच्या पुढच्या हंगामात, माझ्यानंतर येणाऱ्या पोरींना हेच सांगणार होते. आणि मोटार मी दुरुस्त केलेली. माझ्याच हातानं मी त्यांच्या विटाळावर शिक्का मारणार होते.

*

सुट्टी संपली. गोविंदरावनं मोटारीचे पाय पुसले, सपाट बसवले, आवळले, पट्टे चढवले. पंखा चालू झाला. थरथर नाही. शेठ बाहेर आले, माईसाहेब आल्या. गोविंदराव माझ्याकडं न बघता म्हणाला, "बेअरिंग होतं, साहेब. अन् पाळणूक केली त्याचा बी—"

"बेअरिंग नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. मी पायरीशी गेले आणि मूठ उघडली. "हे निघालं पायाखालून. या नाण्यानं मोटार हलत होती. माझ्या पाळीनं नाही. कुणाच्याच पाळीनं नाही."

पाळी हा शब्द त्या अंगणात एवढ्या मोठ्यानं कुणी उच्चारला नसेल. एक हमाल खोटं खोकला.

माईसाहेबांनी नाण्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाल्या, "आधी हे सांग, ते तुझ्या हातात कसं आलं?"

"उचललं, म्हणून आलं."

"आता धुऊन घ्यावं लागंल," त्या शेठना म्हणाल्या.

मी नाणं पायरीवर ठेवलं. शेठ म्हणाले, "मोटार चालली ना? झालं तर मंग. वाढवू नको."

"आणि गेटवरचं विचारणं?"

"ते राहू दे. आईच्या जीवाला बरं वाटतं. तुमचं काय जातं?"

काय जातं! मी त्या बाभळीकडं बघितलं. बायांनी हातातलं काम थांबवलं होतं. एकीनं तोंडावर पदर घेतला होता, गाड्यांवरच्या माणसांना चेहरा दिसू नये म्हणून. मी म्हणाले, "शेठ, उद्यापासून मी गेटवर सांगणार नाही. आणि आत जाणार. पंखाघरात. तेव्हाही जाणार. काढायचं तर आज काढा."

त्यांनी काढलं नाही. मोठं मन म्हणून नाही, हंगाम ऐन भरात होता म्हणून. हंगाम सरला की तुझं काही खरं नाही, हे गोविंदरावनं मला नंतर सांगितलं. सांगताना त्याला वाईट वाटत होतं, असं मला दिसलं. मला त्याचं काही करायचं नाही.

संध्याकाळी रुबीनाआपा गेटवर भेटली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, "पैले दिन बोलना था ना, बेटी." आणि गेली.

खरं आहे तिचं. पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं. नाणं सापडायच्या आधी. नाणं सापडलं नसतं तर? खरंच माझाच बोल्ट चुकला असता तर? तरी तो प्रश्न विचारायचा हक्क त्याला नव्हता. निर्दोष ठरल्यावर बोलणं सोपं आहे. मी दोषी असते तरी बोलायला हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर किती बाया त्या बाभळीखाली बसून उठल्या. मोटारीचा अपराध मी टाकून दिला, तो माझा नव्हताच. हा माझा आहे. तो मी कुणाला धुऊ देणार नाही.

दुसऱ्या सकाळी मुकादम गेटवर होताच. "हाय का?" रुबीनाआपा न थांबता आत गेली. "नै बताती," एवढंच म्हणाली. तिच्या मागं काही बाया गेल्या. काही थांबल्या, कुजबुजल्या आणि बाभळीकडं वळल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुमचं ठीक हाय, ताई. आमाला घरी बी बसवतेत." मी तिच्याशेजारी थोडा वेळ बसले, तिच्या वेगळ्या ठेवलेल्या तांब्यातलं पाणी प्यायले आणि कामाला गेले.

काल पंख्याचा एक पट्टा ताणायचा होता. सकाळपासून पोटात कळ होती. पंखाघराच्या उंबऱ्यात गोविंदराव पाना घेऊन उभा होता. त्यानं विचारलं नाही. आता मला कुणी विचारत नाही, नुसतं बघतात. त्यानंही तसंच बघितलं आणि पाना ठेवायला फरशीकडं वाकला. शेडमधल्या बाया बघत होत्या. ऑफिसच्या पायरीवर माईसाहेब होत्या.

मी उंबरा ओलांडला.

"हो, आज आहे," मी म्हटलं. माईसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मान खाली घालून नाही. "दर महिन्याला असते. पाना खाली ठेवू नका. हातात द्या."